सी तुमचा, जी माझा

राजमतीनं गिटार घेतली तेव्हा तिची अठ्ठेचाळिशी उलटली होती. सांगलीत विश्रामबागेतल्या एका लॅबमध्ये ती रक्ताच्या तपासण्या करायची. दिवसभर डोळा सूक्ष्मदर्शकाला लावलेला आणि कानांना काहीच काम नाही. एकदा भाचीच्या लग्नाची खरेदी करायला नवऱ्याबरोबर मिरजेला गेली असताना ती वाद्यांच्या दुकानांवरून चालत होती. तंबोरे, सतारी, ओळीनं टांगलेले भोपळे. तेवढ्यात एका दुकानाच्या आतल्या अंधारातून कुणीतरी गिटारची एकच तार छेडली. तो आवाज विझत विझत गेला, आणि नक्की कुठं संपला ते राजमतीला कळलंच नाही. ती तशीच उभी राहिली.

"लग्नात द्यायला घेतेस काय?" तिचा नवरा महावीर म्हणाला. त्याचा हळदीचा व्यापार होता. त्याच्या शर्टाला, गाडीच्या सीटला, अगदी पाकिटालासुद्धा हळदीचा वास यायचा.

"नाही. मला."

महावीरनं तिच्याकडं पाहिलं. मग त्यानं गाडीच्या मागच्या सीटवरच्या साड्यांच्या पिशव्या पुढं घेतल्या आणि गिटारला जागा केली.

ती सूरजकडं शिकायला जाऊ लागली. औषधाच्या दुकानावरच्या एका खोलीत त्याचा क्लास होता. सूरज पंचविशीचा, मोजकं बोलणारा, हाताच्या ठेवणीबद्दल फार काटेकोर. पावसाळा संपेपर्यंत राजमतीला चार-पाच कॉर्ड येऊ लागले. पण सी कॉर्डवरून जी कॉर्डवर जायची वेळ आली की, दिवे गेल्यावर घरातली माणसं जशी चाचपडतात, तशी तिची बोटं चाचपडायची. ती थांबायची, एकेक बोट जागेवर नेऊन ठेवायची, मग पुढं वाजवायची. घरी खोलीत एकटीच वाजवत असल्यानं बिघडत काही नव्हतं. गाणं तिच्यासाठी थांबून राहायचं.

ऑक्टोबरात तिच्या मोबाइलवर एका शिबिराची जाहिरात आली. साताऱ्याच्या माया नावाच्या बाई मेढ्याजवळ गिटारचं चार दिवसांचं शिबिर घेणार होत्या. नवशिक्यांनाही चालेल, असं लिहिलं होतं. राजमतीनं ते सूरजला दाखवलं.

"काकू, खरं सांगू? नका जाऊ," सूरज म्हणाला. "वीस-पंचवीस गिटारी एकदम वाजतात तिथं. आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही. चूक कळत नाही, आणि न कळलेली चूक हातात बसते. मग ती काढायला मला महिने लागतात. वर्षभर थांबा."

घरी तिनं महावीरला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊन ये की. नाही आवडलं तर फोन कर, न्यायला येतो."

मेढ्याच्या पुढं, डोंगराच्या उतारावर एक लांबट पत्र्याचं घर होतं. खाली पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, त्यांच्याखाली वेण्णा नदी. सकाळी यातलं काहीच दिसत नसे. धुकं नदीतून वर यायचं, खाचरं गिळायचं, ओसरीच्या कडेपर्यंत येऊन थांबायचं. त्या पांढऱ्यात कुणीतरी तारा जुळवत असायचं. माणूस दिसायचा नाही, नुसता सूर वर चढताना ऐकू यायचा. राजमती चहाचा कप हातात घेऊन ऐकत बसायची आणि चहा गार व्हायचा.

पहिल्या दिवशी सगळे गोल करून बसले. बहुतेक कॉलेजातली मुलं होती. राजमतीच्या शेजारी एक उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस बसला होता. त्यानं ट्रॅकसूटलासुद्धा इस्त्री केली होती. "लालासाहेब," त्यानं नाव सांगितलं. "गाव औंधजवळ. सुभेदार म्हणून रिटायर झालो."

मायाबाईंनी स्वतः बांधलेली एक साधी चाल शिकवली, अंगाईसारखी, सावकाश. मग सगळ्यांनी मिळून वाजवायला सुरुवात केली. पत्र्याखाली तो आवाज असा भरला की राजमतीला वाटलं, आपण पाण्याच्या आत बसलोय. सी वाजला. मग जी आला, आणि तिची बोटं सापडेपर्यंत निघूनही गेला. इथं गाणं कुणासाठी थांबत नव्हतं. दोनदा-तीनदा ती मागं राहिली. मग तिनं एक गोष्ट केली. उजवा हात तारांच्या किंचित वर धरला आणि नुसताच हलवत राहिली. तारेला बोट लागत नव्हतं. कुणाला कळलं नाही. शेजारून लालासाहेबांची गिटार छान वाजत असावी, असं तिला वाटलं, आणि त्या आवाजावर ती अलगद तरंगत राहिली. फार बरं वाटलं तिला. इतकं सुंदर आपणच वाजवतोय, असं वाटण्याइतकं.

राजमती जैन, सूर्यास्ताआधी जेवणारी. तिचं ताट लवकर वाढलं जाई. बाकीचे जेवायला बसत तेव्हा ती ओसरीवर एकटीच असे. त्या संध्याकाळी डोंगर आधी निळा, मग जांभळा होत गेला, आणि दिवसभराचं गाणं तिच्या कानात आपोआप चालू राहिलं. सूरज उगाच घाबरतो, तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायाबाई म्हणाल्या, "आता जोडीजोडीनं वाजवू. जे शेजारी शेजारी बसलेत त्यांनी मिळून. बाकीच्यांनी ऐकायचं."

मुलांच्या दोन जोड्या झाल्या. मग राजमती आणि लालासाहेब. मायाबाईंनी पायानं ताल धरला, मान हलवली. दोघांनी हात फिरवायला सुरुवात केली.

आवाजच आला नाही.

दोघांचे हात तालात खालीवर होत होते, डाव्या हाताची बोटं जागा बदलत होती, आणि पत्र्याखाली संपूर्ण शांतता होती. धुक्यात कुठंतरी एक पक्षी बोलला, तो सगळ्यांना ऐकू आला. राजमतीनं लालासाहेबांकडं पाहिलं. त्यांचा हात तिच्यासारखाच तारांच्या वर, हवेत होता. त्यांनीही तिच्याकडं पाहिलं. मग गोलातलं कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि हसू सगळीकडं पसरलं. त्यात वाईटपणा नव्हता. पण राजमतीचे कान तापले. ती उठली, गिटार केसमध्ये घातली, खोलीत जाऊन बॅग भरली आणि महावीरला फोन लावला.

"न्यायला या."

"काय झालं गं?"

"काही नाही. या फक्त."

"उद्या सकाळी हळदीचा सौदा आहे. तो झाला की लगेच निघतो. दुपारपर्यंत पोचतो."

म्हणजे अजून एक रात्र आणि एक सकाळ काढायची होती. मायाबाई दाराशी येऊन गेल्या. राजमतीनं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळे गोलात बसल्यावर ती मागच्या बाजूनं खाली उतरली. गिटार तिनं का घेतली ते तिचं तिलाच माहीत नव्हतं; खोलीत एकटी ठेववली नाही एवढंच. बांधावरून चालताना दोन्हीकडची भाताची लोंबं ओली होती. नदीकाठी एक सपाट खडक होता, त्यावर ती बसली. पलीकडचा काठ दिसत नव्हता. पाणी पांढऱ्यातून येत होतं आणि पांढऱ्यात जात होतं.

थोड्या वेळानं मागून खोकल्याचा आवाज आला. लालासाहेब आपली गिटार बंदुकीसारखी खांद्याला लावून उभे होते.

"ताई, बसू का? वर मलाबी बसवंना."

"बसा की."

ते बसले. गिटार मांडीवर घेतली. मग तेच म्हणाले, "आवं, मला वाटलं तुमी लय भारी वाजवताय. म्हणून मी आपला गप हात फिरवत हुतो."

"आणि मला वाटत होतं, तुम्ही वाजवताय!"

"म्हंजे दोघंबी दुसऱ्याच्या जिवावर!"

राजमती हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं पुसलं आणि पुन्हा हसली.

"तुम्हाला कुठून गिटारचं वेड?" तिनं विचारलं.

लालासाहेब पाण्याकडं बघत राहिले. "अरुणाचलला पोस्टिंग हुतं आमचं. वर, बर्फात. शिलाँगकडचा एक जवान हुता संगं. त्यो वाजवायचा. बर्फ आवाज खातो, ताई. बंदुकीचा बार काढला तरी लांब जात न्हाई. पण त्याचं वाजवणं आमच्यापतुर यायचं. घरचं काय आठवायचं न्हाई तवा. काहीच आठवायचं न्हाई. लय हलकं वाटायचं." त्यांनी खिशातल्या मोबाइलवर हात ठेवला. "अजून फोन करतो त्यो. म्हणतो, सुभेदारसाब, सीखो. एक गाणं वाजवून त्याला फोनवर ऐकवायचं हाय. जास्त काय न्हाई."

"मग अडतं कुठं तुमचं?"

"सी येतो. जीबी येतो. एकातनं दुसऱ्यात जाताना समदं सुटतं."

"माझंही अगदी तेच," राजमती म्हणाली.

लालासाहेब मिशीवरून बोट फिरवत विचार करत होते. मग एकदम म्हणाले, "मग जायचंच कशाला? पहाऱ्याला आमी काय करायचो? चौक्या वाटून घ्यायचो. तुमी सीवर ऱ्हावा, मी जीवर ऱ्हातो. तुमची पाळी आली की तुमी वाजवा, माझी आली की मी. सी तुमचा, जी माझा. जागा सोडायचीच न्हाई."

राजमतीनं केस उघडली. बोटं सीवर ठेवली, आणि या वेळी हात खाली, तारांना लावून फिरवला. चार ठोके. ती थांबली. शेजारून जी आला, जरा खरखरीत, एक तार बोटाखाली दबलेली, पण आला. चार ठोके. मग पुन्हा ती. मायाबाईंची चाल त्या दोघांच्या मधून हळूहळू उभी राहिली. झोका एकानं ढकलावा, दुसऱ्यानं परत ढकलावा, तशी.

आपली पाळी नसताना राजमतीला काहीच करायचं नव्हतं. ती फक्त ऐकायची. घरी एकटीनं वाजवताना ऐकायला तिला कधी वेळच मिळाला नव्हता. सगळं लक्ष बोटांत. आता कॉर्ड कुठून सुरू होतो, कुठं रुंद होतो, विझताना त्यात कोणती तार मागं उरते, हे तिला ऐकू येत होतं. जी येण्याच्या जरा आधी हवाच वाकल्यासारखी वाटायची. गाणं कुठं चाललंय ते तिला आधीच कळू लागलं. पाणी वाहत होतं, धुकं वर उठत होतं, आणि तिला आपले हात कुठं संपतात आणि नदी कुठं सुरू होते याचा नीट पत्ता नव्हता.

"ताई," लालासाहेब हळूच म्हणाले, "तुमी माझ्या चौकीवर आलाय."

तिनं खाली पाहिलं. तिची बोटं जीवर होती. कधी गेली, कशी गेली, तिला कळलं नव्हतं. कळल्याबरोबर ती घसरली आणि सगळा गोंधळ झाला. पण एकदा गेली होती.

महावीर आला तेव्हा ऊन पडलं होतं. घरात राजमती दिसली नाही म्हणून विचारत विचारत तो बांधावर उतरला आणि वरच थांबला. खाली खडकावर त्याची बायको आणि एक परका माणूस पाठमोरे बसले होते. चाल अडखळत होती, थांबत होती, पुन्हा सुरू होत होती. त्यानं हाक मारली नाही. बुटाला चिखल लागला होता, तो दगडावर घासत तो नुसता उभा राहिला. शेवटी तिनंच मागं वळून पाहिलं.

"बॅग भरलीस ना?" त्यानं विचारलं.

"भरलीय. राहू दे तशीच."

"म्हणजे?"

"परवा जाऊ."

महावीरनं मान हलवली. साताऱ्यात त्याचा मावसभाऊ होता, त्याच्याकडं तो मुक्कामाला गेला. जाताना लालासाहेबांना म्हणाला, "येऊ देत जरा मोठा आवाज. वर घरापर्यंत पोचत नव्हता."

दुपारी दोघं पत्र्याखाली परतले. मायाबाई उठून जवळ आल्या. "काल मी तुम्हाला एकदम सगळ्यांसमोर वाजवायला लावलं," त्या म्हणाल्या. "आधी विचारायला हवं होतं. चुकलंच माझं."

"आमीबी फसवलंच की तुमाला," लालासाहेब म्हणाले.

शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ती चाल वाजवली. राजमतीचा हात तारांवरच होता. बऱ्याच जागा तिनं सोडल्या, काही बरोबर आल्या. एकदा सगळे सीवर असताना तिचा जी वाजला, चांगला मोठ्यानं. तिनं दचकून आजूबाजूला पाहिलं. कुणीच वळून बघितलं नव्हतं. तिचा चुकलेला सूर बाकीच्या सगळ्यांच्या आवाजात शिरला आणि त्यांच्याबरोबरच पत्र्याखालून बाहेर पडला, भातावरून खाली, नदीच्या दिशेनं गेला.

सांगलीला परतल्यावर सूरजनं तिचं वाजवणं ऐकलं. त्याचा चेहरा पडला. "मनगट वाकवायला लागलात काकू. म्हटलं नव्हतं?" तो बरोबर होता. ते मनगट सरळ व्हायला दिवाळी उलटून गेली. पण मधेच एकदा शिकवताना तो थांबला आणि म्हणाला, "तुम्ही आता थांबत नाही. चुकलात तरी पुढं जाताय. हे मी शिकवलं नव्हतं."

थंडी सरता सरता क्लासमध्ये पूजा नावाची एक मुलगी नवीन आली. बँकेत नोकरी करणारी, गिटार अशी धरायची की जणू ती कुणा दुसऱ्याची आहे. मायाबाईंचं पुढचं शिबिर उन्हाळ्यात होतं. पूजानं सूरजला विचारलं, जाऊ का? सूरजनं राजमतीकडं बोट केलं. "काकूंना विचारा."

राजमतीनं पूजाच्या हाताकडं पाहिलं.

"हात थोडा बिघडेल," ती म्हणाली. "तो सूरज सरळ करतो, जरा चिडतो पण करतो. आधी दोन-तीन कॉर्ड हातात येऊ देत, मग जा. पण सगळं नीट येईपर्यंत थांबू नकोस."

"सगळ्यांसमोर चुकलं तर?"

"चुकेल की."

पूजा हसली. मग तिनं मान खाली घालून तारा जुळवायला घेतल्या. खालची तार उतरलेली होती. ती खुंटी पिळत होती, आणि सूर हळूहळू वर चढत होता. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, खालच्या दुकानाचं शटर अर्धं ओढल्याचा आवाज आला. राजमती आपली गिटार मांडीवर आडवी ठेवून, डोळे मिटून, तो सूर जागेवर येण्याची वाट बघत बसली.