‘जातो’ म्हण

“विरू, तू पोरगा हाईस का पोरगी?”

शिवकन्यानं एकदाचं विचारून टाकलं. निलंग्याहून येणाऱ्या टँकरची वाट बघत रांगेत बसलेल्या मैत्रिणींनी पैज घातली होती, आणि पंधरा ऑगस्टला माईकवर भाषण ठोकल्यापासून शिवकन्या कुठल्याच पैजेला मागं सरत नव्हती.

विरूपाक्ष, तिचा सात वर्षांचा धाकटा भाऊ, रिकाम्या घागरीवर झाकण गरागरा फिरवत होता. त्यानं वर बघितलं नाही, तसाच म्हणाला,

“मी पाणी आणते. तू हितंच बस, विरू. अश्शी गेले आन् अश्शी आले!”

रांग खदखदली. पंचशीला तर पोट धरून आडवीच झाली.

“अगं शिवे, हुबेहूब तूच की गं ही!”

शिवकन्याही हसली, आणि हसता हसता मध्येच थांबली. ‘अश्शी’वरचा तो जोर तिचाच होता. आई-अप्पा उजाडायच्या आत दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, दिवस बुडाल्यावर गळून यायचे. विरूशी बोलणारं घरात दुसरं होतं कोण?

तिनं त्याचा हात धरला नाही; धरलेला त्याला खपत नसे. नुसती त्याच्याशेजारी, रांगेकडं पाठ करून बसली.

संध्याकाळी अप्पा ताटावर बसले आणि आईला म्हणाले, “मास्तर भेटले व्हते. ह्यो भर वर्गात उठून म्हणला, ‘मी बाहेर जाते.’ मुद्दाम चाळे करतंय म्हणले. बास झाली त्याची शाळा. उद्यापासून घरातच ऱ्हाईल.”

“चाळे न्हाईत, अप्पा,” शिवकन्या म्हणाली. “त्याला बाहेर जायचं व्हतं, त्यानं सांगितलं. चुकलं तर एक अक्षर चुकलं.”

“त्या एका अक्षराला सारं गाव हसतंय, पोरी.”

“म्या किती डाव शिकवलं,” आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. “‘जातो म्हण’ म्हणलं, की त्ये बी ‘जातो म्हण’च म्हणतंय!”

कोपऱ्यातून विरू म्हणाला, “जातो म्हण.”

“शिकवून न्हाई येत त्याला, आई. ऐकून येतंय. आपला जिल्हा बदलला तवा सारं गाव उस्मानाबादच म्हणायचं. रोज कानावर पडलं, आन् लातूर आलंच की तोंडात! पण ह्यो ऐकतो कुणाचं? माझं एकटीचं. अप्पा, तुम्ही त्याच्याशी शेवटचं कधी बोललाव?”

अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. कोपऱ्यातल्या विरूकडं बघितलं.

“घरात गडीमाणसाचं बोलणं त्याच्या कानावरच न्हाई,” शिवकन्या म्हणाली.

“मग आता काय करावं म्हणतीस?” आईनं हळूच विचारलं.

शिवकन्या उभी राहिली. पैजेचं हसू आता तिच्या तोंडावर नव्हतं.

“ज्याला हसायचं त्यानं मला हसावं. आई, अप्पा, तुम्ही विरूशी बोलायला लागेपर्यंत या घरात मी ‘जाते’ म्हणणार न्हाई. आन् उद्या त्याला घेऊन शाळंला जातो मी.”