बंद पाकिटातलं शेवाळ

टार्बट हार्बर गावच्या मच्छीमार सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर सल्लागार ब्रेंट हॉलोवे डोळे मिटून उभा होता. हातात सात वर्षांपूर्वीचं बंद पाकीट, वर सरकारी शिक्का.

"उद्योग मला हाक मारतात," तो म्हणाला. "मी फक्त ऐकतो!"

पाकीट फाडलं. आत एकच ओळ: 'या गावाचं भविष्य समुद्री शेवाळात आहे.'

गेल्याच वर्षी गावात शेवाळाचा कारखाना निघाला होता. सभागृह थरारलं. प्रांताच्या संशोधन मोहिमेसाठी गावाने एकच विषय निवडायचा होता आणि मतदान आत्ताच होतं. विज्ञान शिकवणाऱ्या डेल्फीन कोमो हिला विहिरींवर मोहीम हवी होती. समुद्र आत शिरून अर्ध्या गावाचं पाणी खारट झालं होतं. पण आता तिचं कोण ऐकणार?

तिच्या शेजारी लॉर्न मॅकईचर्न चुळबुळत होता. प्रांताची नवसंशोधन धोरणं लिहिण्यात त्याची सारी नोकरी सरली होती. 'दूरदृष्टी' हा शब्द त्याने इतक्या अहवालांत घातला होता की जवळचं दिसेनासं झालं होतं. पाकिटावरचा शिक्का त्याच्याच हातचा होता. तारखेतला महिना उलटा उमटवणारा कारकून प्रांतात एकच, तो स्वतः.

"लॉर्न, खुर्चीत खिळा आहे का?" डेल्फीनने विचारलं.

"बारा होती," तो पुटपुटला. "या एकाच गावासाठी बारा पाकिटं. मीच शिक्के मारले."

"मग उठून सांगा की!"

"इतक्या लोकांसमोर? पत्र पाठवलं तर?"

"मतदान झाल्यावर?"

तो उठला. आवाज चिरका निघाला. "हॉलोवेसाहेब, बाकीची अकरा कुठे आहेत?"

हॉलोवेचे डोळे उघडले. हात नकळत बॅगेवर गेला.

"दाखवा की, लाजता कशाला?" शेवंड पकडणारी हिल्डा ओरडली.

पाकिटं निघाली, उघडली. पवनचक्क्या. ब्लूबेरी. शेवंडाची कवचं. प्रत्येकात गावाचं वेगळंच भविष्य.

"अशी तर मीही ज्योतिषी!" हिल्डा म्हणाली. "बारा जाळी टाकायची आणि मासा लागलेलं तेवढंच मिरवायचं! पण लॉर्न, तुम्ही सात वर्षं गप्प कसे?"

"मी... अहवालात त्यांना द्रष्टे म्हटलंय. परिशिष्टासहित."

सभागृह खदखदून हसलं. लॉर्नही हसला, जरा उशिरा.

"उद्या कुठला धंदा चालेल हे कुणालाच दिसत नाही," तो म्हणाला. "मलाही नाही, आणि मला त्याचाच पगार होता. पण पाणी खारट आहे हे जिभेला कळतं. गरज निवडा. उपाय अनेक करून पाहा आणि फसलेलेही सगळ्यांसमोर मांडा."

विहिरींसाठी हात वर गेले. डेल्फीनने मोहिमेचा अर्ज लॉर्नपुढे सरकवला. दोन भारदस्त वाक्यं लिहून त्याने खोडली. मग लिहिलं: 'तीन वर्षांत पाणी गोड झालं नाही, तर आमचा उपाय चुकला असं समजावं.'

खाली सही केली. नोकरीत कधी केली नव्हती तशी, नाव वाचता येईल अशी.