सहा आठवडे लिहिलेला फळा

मित्रांनो, जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवलेला, कडेने पिवळट पडलेला हा पांढरा फळा म्हणजे मी. आता माझ्यावर कुणी लिहीत नाही. तरी मला स्वस्थता नाही. कुणी कुणाला "कधी होईल?" असं विचारलेलं कानावर आलं, की अजून धस्स होतं.

कारखान्यात माझ्या पत्र्यावर लेप चढला तेव्हा वाटलं होतं, शाळेत जाईन. गेलो सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात. तिथे दिवसभर तारखा लिहायच्या आणि पुसायच्या. एक प्रोग्रॅमर होता. कोणतंही काम विचारा, तो मान वर न करता म्हणायचा, "दोन दिवसांत होईल." त्याचं नावच दोनदिवस पडलं. माणूस हुशार, कामाला वाघ. पण त्याचे दोन दिवस कधी दोन नसायचे. तारीख उलटली की तो डस्टर फिरवून नवी लिहायचा.

एकदा रुग्णालयाचं काम आलं. डायलिसिसच्या यंत्रांवर कोणत्या रुग्णाची पाळी कधी, हे ठरवणारा प्रोग्रॅम. साहेबांनी मुदत विचारली. दोनदिवसने छताकडे पाहिलं आणि माझ्यावर लिहिलं: सहा आठवडे.

सहा आठवडे संपले, काम अर्धंच झालं होतं. तिकडे रुग्णालयाने आमच्या शब्दावर पाळ्यांची जुनी वही बंद केली होती. एकाच यंत्रासाठी एकाच वेळी दोघं आले. एक म्हातारे मास्तर चार तास बाकावर बसून राहिले, पाय सुजलेले.

दुसऱ्या दिवशी तिथल्या सिस्टर आल्या. टीमच्या प्रमुख बाईंना सगळे ताई म्हणत. सिस्टरांनी त्यांना विचारलं, "उशीर होणार हे तुम्हाला कधी कळलं?"

"तिसऱ्या आठवड्यात," ताई म्हणाल्या.

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

दोनदिवसची मान खाली गेली.

त्या संध्याकाळी ताईंनी माझ्यावर उभी रेघ ओढली. डावीकडे 'अंदाज', उजवीकडे 'लागले'. डस्टर आपल्या खणात टाकला.

"माझी फजिती भिंतीवर टांगणार का?" दोनदिवसने विचारलं.

"आधी माझी," म्हणत ताईंनी लिहिलं: रुग्णालयाशी बोलणं, अंदाज एक दिवस, लागले आठ.

तो कसनुसा हसला. मग त्यानेही लिहिलं: अंदाज दोन, लागले पाच. तीन, लागले सात. महिनाभर तो माझ्यासमोरून जाताना नजर चुकवायचा. मीही कासावीस व्हायचो. इतके दिवस डस्टर कसा निमूटपणे फिरू दिला, हेच मनात यायचं. हळूहळू तो मोठं काम फोडून लहान तुकडे करू लागला. आकडा सांगण्याआधी विचारू लागला, "रुग्ण आलाच नाही तर त्याची पाळी कुणाला द्यायची?" दोन्ही बाजूंचे आकडे जवळ येऊ लागले.

पहिला प्रोग्रॅम कसाबसा उभा राहिला. मग रुग्णालयाने दुसरं काम दिलं, औषधांच्या साठ्याचं. दोनदिवसने लिहिलं: अकरा ते पंधरा आठवडे.

"आठ लिहा," साहेब म्हणाले.

त्याने मार्करचं टोपण काढलं. "लिहितो, साहेब. पण आठात होणार नाही."

साहेबांनी माझ्यावरचे दोन्ही बाजूंचे आकडे वाचले. "मग राहू दे पंधरा," म्हणाले आणि निघून गेले.

पाचव्या आठवड्यात त्याने स्वतः फोन लावला. "सिस्टर, पंधरात बसत नाहीये. सतरा लागतील."

पलीकडून आवाज आला, "बरं झालं आत्ता सांगितलंत. आमच्या हाताने लिहायच्या याद्या चालू ठेवते तोवर."

फोन ठेवून तो खुर्चीत बसला आणि घटाघटा पाणी प्यायला.

पुढे ऑफिसात तारखा दाखवणारा संगणकाचा मोठा पडदा आला आणि मला इथे आणून ठेवलं. मित्रांनो, तुमचेही अंदाज चुकतील. चुकलेला आकडा पुसण्याआधी खरा आकडा त्याच्याशेजारी लिहा. आणि चुकतोय हे कळलं, की त्याच दिवशी सांगा; तुमच्या शब्दावर कुणीतरी बाकावर बसलेलं असतं.