तळहाताशी माझं वैर

मी एक जुनी काचेची कांडी आहे. दुकानात मला थर्मामीटर म्हणायचे, या घरात ‘तापाची काडी’ म्हणतात. म्हणू देत! मित्रांनो, माझं अंग पेन्सिलीहून बारीक असलं तरी मान ताठ आहे. आजवर कुणाचं तोंड बघून मी ताप कमी-जास्त सांगितलेला नाही.

माझा जन्म भट्टीपाशी झाला. कारागिराने काच तापवून लांबवली, आत केसासारखी नळी ठेवली आणि टोकाला पारा भरला. पारा तापला की फुगतो. जायला दुसरी वाट नसते, म्हणून नळीत वर चढतो. माझं कसब एवढंच, पण ते चोख.

मला विकत आणलं इस्त्रीवाल्या आजीच्या सुनेने. आजी पुढच्या खोलीत दिवसभर कोळशाच्या इस्त्रीने हॉटेलच्या चादरी कडक करते. मला जागा मिळाली खणात, सुटी बटणं आणि दात पडलेल्या कंगव्याशेजारी. वाटलं, आता या घरात माझा शब्द चालेल. कसलं काय! कुणी जरा मलूल दिसलं की आजी कपाळाला तळहात लावून निकाल देऊन मोकळी.

आणि तळहात तरी कसला? घट्टे पडलेला, जागोजागी भाजलेला. त्याच्यावर ना आकडे, ना एक धड रेघ. पण मान केवढा! पोरं त्याच्याखाली मांजरासारखी डोळे मिटायची. मला काखेत धरताना मात्र ‘ई, गार आहे!’ म्हणून किंचाळायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. बरं झालं, जळफळाटाने पारा चढत नाही, नाहीतर खणातच फुटले असते.

एका सकाळी आजीची नात चादरींच्या गठ्ठ्यावर गप्प बसून राहिली. एरवी ती एका जागी ठरत नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. आजीने इस्त्री बाजूला ठेवली आणि तिच्या कपाळाला हात लावला.

“गार आहे पोरगी. शाळा नको म्हणून सोंग. ऊठ बये!”

सून मागच्या दारी कपडे धूत होती. ती ओल्या हातानेच आली, पोरीला शिवली आणि दचकली. “अहो आई, भाजतंय हिचं अंग!”

“तुझे हात बर्फाचे गोळे झालेत. त्यांना दगडसुद्धा तापलेला लागेल.”

“आणि तुमचे इस्त्रीखालून आलेत, त्याचं काय?”

“माझ्या हाताला नावं ठेवतेस? तुझा नवरा याच हाताखाली वाढलाय.”

“म्हणूनच दर वेळी दुखणं अंगावर काढतो.”

मित्रांनो, खोटं दोघीही बोलत नव्हत्या. उष्णता नेहमी जास्त तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडे जाते. सुनेच्या गार हातात ती शिरली, म्हणून तो म्हणाला ताप आहे. आजीच्या गरम हातातून ती उलट कपाळाकडे गेली, म्हणून तो म्हणाला पोरगी गार आहे. हाताला कळतं ते उष्णतेचं येणं-जाणं. अंगात ताप किती, ते त्याला काय कपाळ कळणार!

शेवटी सुनेने मला काढलं, झटकून पारा खाली उतरवला आणि भिंगरीच्या काखेत ठेवलं. मी तिची चिमूटभर उष्णता घेतली आणि चढू लागले.

“झालं असेल, काढ,” आजी म्हणाली.

“थांबा हो. काडीचं आणि पोरीचं तापमान सारखं व्हायला वेळ लागतो.”

मी एकशे तीनच्या पुढे जाऊन थांबले. आजीने मला उजेडाकडे धरलं. चष्मा लावला, पुसला, पुन्हा लावला. मग हळू आवाजात म्हणाली, “डॉक्टरांना गाठ. चादरी गेल्या खड्ड्यात.”

जिंकले! वाटलं, आता मला डोक्यावर घेऊन नाचतील. पण औषध पोटात गेल्यावर पोरीने काय मागावं? “आजी, हात ठेव ना.”

आजीने आधी हात पाण्यात बुडवून गार केला, मग कपाळावर ठेवला. तो गरम झाला की पुन्हा बुडवायचा. मी उशाशी पडून बघत होते. इस्त्रीतून उडालेली ठिणगी भयंकर तापलेली असते, पण तिच्यात उष्णता कितीशी? बादलीभर पाणी नुसतं कोमट असलं तरी अख्ख्या पोरीची अंघोळ निघते. किती तापलंय ते तापमान, ते मी सांगते. उष्णता घ्यायला-द्यायला मात्र अंगात जागा लागते. तो मेला तळहात पोरीचा ताप ओंजळी-ओंजळीने उपसत होता, आणि मी चिमटीतली बाई काय करणार?

दोन दिवसांनी ताप उतरला. दुपारी आजी मला मुठीत धरूनच लवंडली. पारा सावकाश वर सरकला.

सून हसली. “आई, मुठीत धरून ताप मोजतात का?”

“मोजतंय कोण? गार पडली होती बिचारी, म्हणून धरली जरा.”

म्हणून सांगते मित्रांनो, मला उकळत्या पाण्याने धुऊ नका, पारा फुगून काच फुटेल. फुटलेच तर पाऱ्याला बोट लावू नका, मोठ्यांना हाक मारा. काखेतून घाईने ओढू नका. आणि घरात सगळे ठणठणीत असतानाही मला कधीतरी हातात घ्या. तळहाताशी माझं वैर अजून मिटलेलं नाही. पण त्याची ऊब मला चालते.