शनीच्या पट्ट्यातलं गाव

सातपुड्याच्या पायथ्याशी चैत्र पेटला होता. दुपार पांढरीफटक, निर्वात, निर्मेघ. डोंगर निळे नव्हते, राखी झाले होते. केळीच्या बागा मात्र गर्द, ओलसर, आपल्याच सावलीत आपलाच गारवा जपत उभ्या होत्या. आणि मोहाच्या फुलांचा उग्रमधुर दरवळ रस्त्याच्या खोलगटात पाण्यासारखा साचून राहिला होता.

त्या श्वेततप्त रस्त्यावरून एक मोटार पश्चिमेकडे धावत होती. मागच्या सीटवर अवंती बसली होती, नऊ महिन्यांचं पोट दोन्ही हातांनी सावरून, ओठ आवळून. तिच्या शेजारी सासूबाई, माई. पुढे स्टिअरिंगवर नवरा, मंदार. आणि त्याच्या बाजूला सासरे, अण्णा. त्यांच्या मांडीवर एक नकाशा.

रंगीत रेषांचा नकाशा. तांबडी मंगळाची, पिवळी गुरूची, काळी शनीची. पर्वत ओलांडून, नद्या कापून, माणसांच्या घरांवरून आणि माणसांच्या थडग्यांवरून त्या रेषा बेगुमान गेल्या होत्या. माणूस कुठल्या भूमीवर जन्मतो, कुठल्या भूमीवर राहतो, त्यावर त्याचं अवघं आयुष्य ठरतं, असं ज्योतिषीबुवांनी सांगितलं होतं. अण्णांचं गाव काळ्या रेषेखाली. सव्वादोनशे किलोमीटरवरचं, तापीपलीकडचं नणंदेचं शहर पिवळ्या रेषेखाली. तेव्हा मूल जन्मायचं ते तिथंच.

"या दिवसांत एवढा प्रवास करायचा नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. अवंतीने घरी सांगितलं. अण्णांनी ऐकलं, मान हलवली आणि निघायचा मुहूर्त काढायला बुवांना फोन लावला.

तिचं पोट म्हणजे जणू एक पेटी होती. इथून उचलायची, तिथं ठेवायची, आणि ठरलेल्या जागी, ठरलेल्या रेषेखाली उघडायची!

याआधीही तिला एक मूल झालं होतं. मुलगा. जावळ दाट, मुठी घट्ट, टाळूवर कोवळा धडधडता ठोका. सहाव्या दिवशी त्याचं अंग तापलं. रात्रंदिवस ती म्हणत राहिली, मोठ्या दवाखान्यात नेऊ या. अण्णा म्हणाले, अमावास्या तोंडावर आहे, ती उलटू दे, मग नेऊ. अमावास्या सरली, तोवर बाळाचं रडणंही सरलं होतं. नवव्या दिवशी ते गेलं. बारसं व्हायचं होतं, म्हणून त्याला नावसुद्धा मिळालं नाही.

आणि खापर फुटलं ते गावावर! ज्या मातीने त्या इवल्या देहाला कुशीत घेतलं, त्याच मातीला अण्णांनी दोषी ठरवलं. "जागाच वाईट," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "शनीचा पट्टा. मूल टिकलं नाही ते त्यामुळे." दोन वर्षं अवंती हे वाक्य ऐकत होती. स्वयंपाकघरात ऐकत होती, ओसरीवर ऐकत होती, लग्नकार्यात परक्या बायकांसमोर ऐकत होती. आणि प्रत्येक वेळी तिच्या छातीतला निखारा थोडा अधिक लाल होत होता.

पहिली कळ आली ती एका वळणावर. तिने ती गिळली. दुसरी आली, तिसरी आली, आणि मग कळांमधलं अंतर उन्हातल्या ओल्या वस्त्रासारखं झपाट्याने आटू लागलं.

"मंदार," ती म्हणाली, "गाडी थांबव. दवाखाना बघ."

मंदारने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी नकाशाकडे.

"इथं नको," अण्णा म्हणाले. "हा सगळा पट्टा शनीचाच आहे. अजून साठ किलोमीटर. सूनबाई, जरा कळ काढ. देवाचं नाव घे."

"अण्णा, हे माझ्या हातात नाही!"

"तासाभराचा तर प्रश्न आहे. एका तासासाठी पोराचं आयुष्य नासवायचं का?"

मोटार धावत राहिली. केळीच्या बागा मागे पळत राहिल्या. साठ किलोमीटर! तिच्या कमरेत वीज कडाडत होती, मांड्यांत पूर दाटला होता, आणि एक म्हातारं बोट कागदावरचं अंतर मोजत होतं. माईंचा हात तिच्या हातावर आला. पण माईंच्या तोंडून शब्द फुटला नाही. चाळीस वर्षं फुटला नव्हता.

तेवढ्यात रस्त्यावर मेंढरं उतरली. धुळीने माखलेली, लोकरीची, संथ, शेकडो मेंढरं. मंदारला ब्रेक दाबावा लागला.

रस्त्याकडेच्या पिवळ्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: आरोग्य उपकेंद्र, उंबरझिरी.

अवंतीने दार उघडलं आणि ती उतरली.

"अवंती!" मंदार ओरडला. ती थांबली नाही. अनवाणी, केस सुटलेली, घामाने निथळणारी, एका हाताने पोट आणि दुसऱ्या हाताने मेंढरांच्या पाठी धरत ती त्या धुळीतून चालत गेली. आपल्या पायांनी. आपल्या मर्जीने. मेंढरं बाजूला होत गेली. माणसं झाली नव्हती.

उपकेंद्राच्या पायरीवर तडवी सिस्टर उभ्या होत्या. पन्नाशीच्या, सावळ्या, रुंद मनगटांच्या. त्यांनी एक नजर टाकली आणि काही न विचारता तिला काखेत धरलं.

"ये माय, ये. कितवी खेप?"

"दुसरी."

"मग घाई करील हे. चल, आडवी हो."

अण्णा धापा टाकत मागून आले. कानाला फोन. "सिस्टर, एक मिनिट! आमचे ज्योतिषीबुवा म्हणतायत, निदान अकरा किलोमीटर पुढे नेलं तरी रेषेचा जोर कमी होतो. इंजेक्शन देऊन थोडं थोपवता येईल का?"

सिस्टरांनी हातमोजे चढवता चढवता मान वर केली.

"काका, डोकं दिसून राहिलंय बाळाचं. तुमची रेषा न्या बाहेर. आणि ते दार ओढून घ्या."

माई आत शिरल्या आणि दार ओढलं गेलं. आत चुन्याची भिंत, लोखंडी खाट, खिडकीत कडुनिंबाचा हलता हिरवा उजेड. अवंती ओरडली. दोन वर्षं न ओरडलेलं सगळं ओरडली. त्या आक्रोशात वेदना होती, पण वेदनेहून मोठा संताप होता. नाव न मिळालेल्या मुलाचा संताप, बदनाम केलेल्या मातीचा संताप. "अशी, अशी!" सिस्टर म्हणत होत्या. "सोडू नको माय, अजून एकदा!" आणि त्या संतापाच्याच प्रचंड लाटेवर स्वार होऊन एक रक्तिम, चिकट, सर्वांगसुंदर जीव जगात आला, आणि आईच्याच सुरात ओरडू लागला.

मुलगी.

सिस्टरांनी तिला पुसलं, आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून सुती कापड घातलं. सगळं आवरल्यावर दार उघडलं आणि टेबलावरची वही पुढे ओढली. अण्णा आत आले. नातीकडे त्यांनी पाहिलं, क्षणभर डोळे ओलावले. पण लगेच ते टेबलाकडे वळले.

"सिस्टर," आवाज मृदू करून ते म्हणाले, "जन्माचं ठिकाण तेवढं शहराचं टाका. तुम्हाला काय फरक पडतो? पत्रिका तरी चांगली निघेल."

"खोटं नाही लिहीत मी, काका."

"खोटं कसलं? पोरीच्या भल्यासाठीच..."

"अण्णा!"

खाटेवरून आवाज आला. क्षीण नव्हता. अवंती कोपरावर उठली होती, छातीशी लेक घेऊन.

"हिचं गाव खोडू नका. माझ्या लेकाच्या गावाला दोष दिलात तेवढं पुरे झालं. त्याला गावाने मारलं नाही. त्याला शनीने मारलं नाही. त्याला ताप होता. तीन दिवस ताप होता, आणि तुम्ही अमावास्या उलटायची वाट बघत बसलात. आणि मंदार, तू त्यांच्याकडे बघत बसलास. आजही तेच केलंस."

मंदार दारात उभा होता, हातात पाण्याची बादली. बादली त्याने खाली ठेवली. मान वर केली नाही.

"बाळंतिणीने इतकं बोलू नये," अण्णा पुटपुटले. "सिस्टर, तुम्ही लिहा, मी सांगतो ते."

तेव्हा माई पुढे झाल्या. नऊवारीचा पदर खोचलेला, डोळे कोरडे, चेहरा शिळेसारखा. त्यांनी वहीवर आपला सुरकुतलेला तळवा ठेवला.

"मी होते इथं," त्या सिस्टरांना म्हणाल्या. "मी पाहिलंय. उंबरझिरी लिहा."

"तू मध्ये पडू नकोस," अण्णा म्हणाले.

"त्या वेळीही पडले नाही," माई म्हणाल्या, "म्हणून एक गेला."

सिस्टरांचं पेन कागदावर चाललं. पाच अक्षरं, निळी, ठसठशीत. अण्णा वळले, बाहेर पडले आणि मोटारीत जाऊन बसले. त्यांना बोलवायला कुणी गेलं नाही.

"मी इथून माझ्या आईकडे जाणार," अवंती म्हणाली. "पुढचं पुढे बघू." मंदारने होकारार्थी मान हलवली. ते तिने पाहिलं. पण ती विरघळली नाही. माईंनी तिच्या पाठीशी उशी सरकवली.

ऊन कलंडलं. विहिरीकडून येणारी एक बाई डोक्यावरच्या हंड्यासकट खिडकीशी थांबली. "काय झालं गं सिस्टर?"

"पोरगी!"

तिने ते बांधावरच्या दुसरीला सांगितलं. दुसरीने हात तोंडाशी नेऊन केळीच्या बागेत हाक घातली. "कोणाची गं?" आतून कुणीतरी विचारलं, आणि बांधावरून उत्तर गेलं, "आपल्या गावची!"

आपल्या गावची, आपल्या गावची... बागेमागून बाग ओलांडत, पाटापाटाने वाहत, हिरव्यातून अधिक हिरव्यात ती हाक दूर दूर गेली. आणि खाटेवर, आईच्या छातीशी, दूध लागलेल्या ओठांनी, ती झोपली होती.