भरवशाचा रकाना

तिनं कागदाच्या मागे चिकटपट्टी लावली आणि तो फळ्यावरच्या पहिल्याच रकान्यात, 'भरवशाचे' ह्या शब्दाखाली, तळहातानं दाबून बसवला.

वर्गात आधी कुजबुज झाली, मग हशा पिकला. कागदावर इंटरनेटवरून छापून घेतलेली एका पावडरीची जाहिरात होती. हिरव्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं, साखरेचा आजार मुळापासून जातो, इंजेक्शनं कायमची सुटतात.

कॉलेजचे ग्रंथपाल पहिल्या वर्षाच्या मुलांचा हा तास दर वर्षी घेत. संशोधनासाठी माहिती कुठून घ्यावी आणि कुठल्या माहितीला दारातूनच परत पाठवावं, एवढाच त्याचा विषय. फळ्यावर तीन रकाने असत: भरवशाचे, तपासून घ्यावे, टाकाऊ. प्रत्येकानं एक कागद आणायचा, हवा तिथे लावायचा आणि तो तिथेच का, हे बाकीच्यांना पटवायचं. आतापर्यंत जनगणनेचा एक अहवाल, वर्तमानपत्राचं कात्रण आणि कुणा प्राध्यापकांचा लेख लागला होता. तास जरा पेंगुळलाच होता.

"वकीलबाई, आज कुणाचं वकीलपत्र?" मागच्या बाकावरून आवाज आला. शब्दाला शब्द लावायच्या खोडीमुळे तिला हे नाव पडलं होतं.

"पावडरीचं," ती म्हणाली. पण हसली नाही.

"चला, घ्या उलटतपासणी," ग्रंथपाल मुलांना म्हणाले. "लिहिणारा कोण?"

"नावच नाही!"

"नाव नसलं म्हणून काय झालं?" ती म्हणाली. "गुण आल्याचं खाली शेकडो लोकांनी लिहिलंय."

"तेही बिननावाचेच की! आंधळ्याला आंधळा साक्षी."

"आणि त्याच पानावर विकायला ठेवलीये," दुसरा एक जण म्हणाला. "दुकानदार आपल्या मालाला वाईट म्हणेल होय?"

"डॉक्टर फुकट तपासतात का?" ती म्हणाली. "औषधांच्या कंपन्या काय दानधर्म करतात?"

पुढच्या बाकावरची एक अबोल मुलगी चष्मा सावरत म्हणाली, "पैसे तेही घेतात. पण त्यांचं औषध आधी दुसरे तपासून बघतात, आणि चुकलं तर जाब विचारायला दार असतं. ह्याचं दार कुठंय?"

ग्रंथपालांना इतकं बरं वाटलं की त्यांनी टेबलावर थाप मारली. मुलं टाळ्या पिटायला लागली. कागद निघाला आणि 'टाकाऊ'खाली गेला. त्या गडबडीत त्यांच्या नजरेला एक गोष्ट खटकली. हरलेली वकीलबाई मान खाली घालून भराभर लिहून घेत होती. समोरच्यांचं प्रत्येक उत्तर, शब्दन् शब्द.

तास सुटल्यावर ती थांबली. फळ्यावरचा कागद तिनं कडेकडेनं, फाटू न देता सोडवला.

"सर, एक राहिलं. समोरचं माणूस म्हणालं की मला बरं वाटतंय, तर काय म्हणायचं?"

"समोरचं माणूस म्हणजे?"

"आई."

त्यांनी डस्टर खाली ठेवलं.

आई घरीच शिवणकाम करायची. शेजारणीनं पावडर मागवून दिली आणि तेव्हापासून, म्हणजे आठवडाभर, आईनं इन्सुलिन घेतलं नव्हतं. वर्गात ती जे जे बोलली, ते सगळं आईचंच बोलणं होतं.

"मला एकटीला उत्तरं सुचत नव्हती," ती म्हणाली. "म्हटलं, वर्गात एवढी डोकी आहेत."

"हे अंगावर काढायचं दुखणं नाही. आजच्या आज दवाखान्यात ने."

"येत नाही ना. म्हणून तर."

दुसऱ्या दिवशी वाचनालयाचं दार उघडायच्या आधीच ती पायरीवर बसलेली होती. डोळे सुजले होते.

"सगळी उत्तरं दिली, सर. एकही चुकलं नाही. आई म्हणाली, 'पोटच्या पोरीनं मला पिंजऱ्यात उभं केलं.' आणि मशीन चालवत बसली. रात्रभर नुसती पाणी पीत होती."

ग्रंथपालांनी कुलूप काढलं. दार ढकलत म्हणाले, "तिला त्या कागदात काय आवडलं, हे विचारलंस?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"मीही शिकवलं नाही ते. माझ्याकडे येतील का त्या?"

"दुखण्यासाठी नाही येणार. शिवणाचं काम आहे म्हटलं तर येईल."

तासाभरात आई आली. गळ्यात मोजपट्टी, ओठ कोरडे पडलेले. जिना चढून धाप लागली होती, पण आधी ती खिडकीपाशी गेली, पडद्याची दुमड उलटून पाहिली आणि कापड चिमटीत चोळलं.

"शिलाई पक्की आहे. हे पडदे तुमच्यानंतरही टिकतील," ती म्हणाली. "मला कशाला बोलावलंत, सर?"

मुलीनं खाली पाहिलं. ग्रंथपालांनी खुर्ची पुढे सरकवली, पाण्याचा पेला ठेवला. आई बसली.

"खोटं बोलून बोलावलं, ताई. ती पावडर तुम्हाला का पटली, ते ऐकायचं होतं."

ती उठून जाईल असं दोघांनाही वाटलं. तिनं पेला रिकामा केला.

"डॉक्टर चांगलेच असतील हो. पण मी आत जाते, ते लिहीत असतात. मी बोलते, ते लिहीतच असतात. बाहेर येते तोवर त्यांनी माझं तोंड पाहिलेलं नसतं. इंजेक्शनानं पोट काळंनिळं होतं, ते सांगायचंच राहून जातं." तिनं पदरानं ओठ टिपले. "हा पावडरवाला माणूस फोनवरच्या व्हिडिओत समोर बघून बोलतो. 'ताई, घाबरू नका' म्हणतो. ह्या दुखण्यात एवढं मला कुणी म्हणालं नव्हतं."

मुलीनं तोंड उघडलं. ग्रंथपालांनी डोळ्यांनीच तिला थांबवलं.

"मग त्या माणसालाच विचारू या," ते म्हणाले. "पोटाचं सांगा, इंजेक्शन थांबवल्याचं सांगा. जाहिरातीच्या खाली नंबर आहे."

त्यांनी फोन लावून तिच्या हातात दिला. पलीकडून गोड आवाज आला. तिनं अंग सावरलं, जणू तो समोर येऊन बसला होता.

"भाऊ, मी इंजेक्शन बंद केलंय. पण चक्कर येते आणि तहान..."

"मागणी नोंदवण्यासाठी एक दाबा," आवाज म्हणाला.

"मागणी नाही हो. विचारायचं होतं..."

"मागणी नोंदवण्यासाठी एक दाबा."

तिनं तिसऱ्यांदाही ऐकलं, शेवटपर्यंत. मग फोन टेबलावर उपडा ठेवला.

"हाही मान वर करत नाही," ती म्हणाली.

ग्रंथपालांनी पेला पुन्हा भरला. तिनं तो घेतला आणि मुलीकडे पाहिलं.

"दवाखाना उघडला असेल?"

"असेल. आई, मी बोलते त्यांच्याशी, मी त्यांना..."

"तू काही बोलायचं नाहीस." टेबलाच्या कडेला धरून ती उठली, उभी राहिल्यावर क्षणभर डोळे मिटून थांबली. "मान वर करा, असं मी सांगणार आहे त्यांना. तेवढं सांगून होईपर्यंत माझ्याशेजारी बस."