रिकाम्या पेटीपुढचा दिवा

मित्रांनो, मी टेकडीवरच्या एका छोट्या चॅपलमधला जुना पितळी दिवा आहे. तीन साखळ्यांवर लटकतो, पोटात लाल काच आहे. दिसायला बरा आहे, पण माझी गोष्ट ऐकून तुम्हाला बरे वाटेल असे काही मी म्हणणार नाही.

हे चॅपल दगडखाणीतल्या मजुरांनी बांधले. खाणीत दरड कोसळली, त्यातून अकरा जण वाचले, आणि त्या अकरा जणांनी दर सुट्टीला खांद्यावरून दगड वर वाहिले. मला एका तांबटाने घडवले. टांगताना तो म्हणाला, "वाकडा लटकलास तर माझं नाव जाईल हं!" मी आजवर सरळ आहे.

माझे काम सोपे. वेदीमागच्या पितळी पेटीत पवित्र भाकर असते. ती आहे तोवर रात्रंदिवस जळायचे, ती नेली की विझायचे. मी जळतो आहे म्हणजे देव घरात आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. आत येणारा माणूस आधी माझ्याकडे बघे, मग गुडघा टेकवी. तेव्हा मी जरा फुशारलोही होतो.

पुढे खाण बंद पडली आणि घरे ओस पडली. दर रविवारी मिस्सासाठी, म्हणजे उपासनेसाठी, येणारे फादर महिन्यातून एकदा येऊ लागले, मग वर्षातून दोनदा. उन्हाळ्यात पर्यटक येत. दारावर पाटी होती, 'किल्ली खाली सुतारकाकूंकडे.' सुताराची ही विधवा धापा टाकत चढ चढे आणि कुलूप उघडे. पर्यटक छताचे फोटो काढत आणि विचारत, "इथे बाथरूम कुठेय?"

एरवीही काकू रोज येत, माझ्यात तेल घालायला. तेल एकच दिवस पुरते.

एका दुपारी म्हातारे फादर आले. त्यांनी पेटी उघडून उरलेली भाकर पिशवीत ठेवली. यापुढे इथे मिस्सासाठी कुणी येणार नव्हते. मला विझवायला त्यांनी हात वर केला, तेवढ्यात काकू तेलाची बाटली घेऊन दारात आल्या. त्यांचा चेहरा पाहून फादरांची जीभ रेटेना.

"येतो हं, काकू," एवढेच म्हणून ते गेले. पुढच्याच महिन्यात वारले.

दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. माझ्या तर समोरच होता, आणि मला बोलायला तोंड नव्हते.

सहा वर्षे काकू त्या रिकाम्या पेटीपुढे गुडघे टेकत राहिल्या. शहरातल्या लेकीचा फोन त्या इथेच घेत, कारण रेंज टेकडीवरच मिळे.

"आई, मला बरं नाही गं. ये ना इकडे राहायला."

"येईन गं. पण ह्या देवाला एकट्याला टाकून कशी येऊ? दुसरं कोण आहे त्याला?"

विझावे म्हणून मी काय नाही केले! झुळूक आली की मी ज्योत झुकवून देई, आणि काकू लगेच हाताचा आडोसा करत. पाचव्या वर्षी लेक गेली. काकू मातीला गेल्या आणि त्याच संध्याकाळी परतल्या. मला तेल घालायचे होते.

यंदा नवे फादर चॅपल बघायला आले. मला पाहून थबकले, मग पेटी उघडली.

"काकू, दिवा कशाला लावलाय? यात काहीच नाही. सहा वर्षांपूर्वीच नेलंय, नोंद आहे तशी."

काकूंनी पेटीत हात घातला. डब्यात पीठ उरले आहे का बघावे तसे सगळे कोपरे चाचपले.

"मग ती बोलवत होती तेव्हा..." त्या म्हणाल्या.

काकूंनी मला खाली ओढले आणि दोन बोटांनी वात चिमटली. किल्ली वेदीवर ठेवून त्या उतरून गेल्या. त्यानंतर त्या आलेल्या नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सगळेच सांगतात. मी तेवढे मागत नाही. तुमच्या भरवशावर कुणी थांबले असेल, तर जाताना त्याला खरे सांगून जा. वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. ते माणूस रडेल, चार दिवस तुमच्याशी बोलणार नाही. पण लेकीकडे वेळेवर पोचेल.